शिशाच्या गळांवरील भुकटी-रंग व त्याची भाजणी

खारपट्टींतील शेतकऱ्याचें भाताचें एक पीक निघालें कीं पुढील पावसापर्यंत जमीन बहुधा मोकळी असते, व त्या दिवसांत हातास काय काम द्यावें हा प्रश्न जुना आहे. अलीबाग-पेणकडील पुष्कळ घरांशेजारीं एखादें तळें राखलेलें असतें व त्यांत जिताडा वाढविण्याची चाल आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पावसाळ्यांत खाडींतून मिळालेलीं जिताड्याचीं पिलें तळ्यांत सोडावयाचीं, त्यांस लहानसहान मासळीवर पोसावयाचें, आणि जांवई आला किंवा कचेरींत एखादें काम अडलें म्हणजे एक चांगला जिताडा बाहेर काढावयाचा, अशी ही रीत आहे. (यांपैकीं दुसऱ्या प्रकाराविषयीं आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जें पाहिलें तें येथें लिहीत नाहीं.) एकच मासा हवा असतां जाळें ओढिलें तर सारें तळें ढवळून निघतें, अशा वेळीं गरी बरी. हल्लीं तरुण मंडळी गरीस आमिष न लावतां शिशाच्या डोक्याचा रंगीत गळ वापरूं लागली आहे. त्यास इंग्रजींत जिग म्हणतात, व तोच शब्द आतां आपल्याकडेही रूढ झाला आहे. हा जिग घरीं करितां येतो, परंतु त्याच्या रंगाच्या कामांत आम्हीं ज्या चुका केल्या व त्यांपैकीं एकीची जी किंमत दिली, ती वाचकांपुढें मांडावी म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम जिग म्हणजे काय तें सांगतों. गळाची दांडी नेढ्याजवळ वांकवून त्या वांकाभोंवतीं शिशाची लहान गोळी ओतावयाची, गोळीच्या मागें केंस, पिसें किंवा मऊ रबरी शेपटी बसवावयाची, आणि पाण्यांत सोडून झटके देत वर ओढावयाचा व पुनः खालीं पडूं द्यावयाचा. गोळीच्या भारानें तो डोक्यावर खालीं जातो व पळणाऱ्या लहान माशाचा भास होतो. जिताड्यास ऑस्ट्रेलियांत बारामुंडी म्हणतात व तेथेंही तो असल्या नकली आमिषांस लागतो. अमेरिकेंत तर जिग घरीं ओतून घरींच रंगविणारे हौशी लोक फार आहेत, आणि रंगाची जी रीत आम्ही पुढें सांगणार आहों ती त्यांच्याकडूनच आमच्या पुतण्यानें उचलिली. तो मुंबईस नोकरीस असतो व सुटींत गांवीं आला म्हणजे खाडीवर गरवावयास जातो.

शिशास रंग कां द्यावा, असें कोणी विचारील. उघडें शिसें थोड्याच दिवसांत काळपट पडतें, तें माशास दिसत नाहीं, आणि हातांस लागतें तें निराळेंच. साधा तेलरंग ब्रशानें लाविला तर बांधाच्या दगडांवर दोन वेळां आपटला कीं त्याचे टवके उडतात. यासाठीं भुकटीचा रंग वापरितात. हा रंग पातळ नसतो. त्यांत तेल नाहीं, टर्पेंटाईन नाहीं. राळेसारखा एक कृत्रिम पदार्थ, त्यास घट्ट करणारें दुसरें द्रव्य व रंगद्रव्य हीं एकत्र मिसळून पिठासारखीं बारीक दळलेलीं असतात. शहरांतील कारखान्यांत खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी कपाटें यांस जो रंग भट्टींत देतात तो हाच. आम्हीं तालुक्याच्या गांवच्या अशाच एका कारखान्यांतून शेरभर पिंवळी भुकटी आणिली, कारण पुतण्यानें परदेशाहून मागविलेल्या लहानशा डबीची किंमत ऐकून आमच्या कारकुनी मनास धक्का बसला होता.

पहिला घाणा बारा जिगांचा. पुतण्याच्या डबीवर फॅरनहाइटचे ३५० अंश, म्हणजे आपले सेल्सियसचे १७७ अंश, उष्णमान व १५ ते २० मिनिटें असें छापलें होतें. आम्हीं विजेच्या ओव्हनचा कांटा १८० वर ठेविला, घड्याळ लाविलें, पंधराव्या मिनिटास बाहेर काढिले. रंग असा चकचकीत आला कीं आम्हीं ते पडवींत खुंटीस टांगून येणाऱ्याजाणाऱ्यास दाखविले. दुसरे दिवशीं खाडीच्या बांधावर तिसऱ्या फेंकीस एकाचा रंग भिंतीच्या पोपड्यासारखा सुटला, आणि संध्याकाळपर्यंत बारांपैकीं नऊ उघडे पडले. आम्ही रागानें कारखान्यांत गेलों व भुकटी नासकी दिली असें म्हणालों. कारखानदार शांत माणूस होता. त्यानें विचारिलें, "भाऊसाहेब, कसें भाजलें?" आम्हीं सांगितलें. तो म्हणाला, "भट्टी किती तापली तें तुम्ही सांगतां, माल किती तापला तें सांगा."

या एका वाक्यांत सगळी विद्या आहे. ती नीट कळावी म्हणून भुकटीचें भट्टींत काय होतें तें पाहूं. पहिली गोष्ट अशी कीं ती वितळते व तुपासारखी पसरते. तेवढ्यानेंच ती चकाकूं लागते. हें थोड्याच मिनिटांत होतें. परंतु दुसरी गोष्ट अद्याप व्हावयाची असते. वितळलेल्या राळेचे अणुसमूह घट्ट करणाऱ्या द्रव्याच्या योगानें एकमेकांस जोडले जाऊन जाळें विणलें जातें, व एकदां तें विणलें गेलें कीं तो रंग पुनः उष्णतेनें वितळत नाहीं, पेट्रोलानें सुटत नाहीं, दगडावर आपटला तरी सहज फुटत नाहीं. या दुसऱ्या क्रियेस ठराविक उष्णमान व ठराविक वेळ दोन्ही लागतात. वीट थापून उन्हांत वाळविली तरी ती विटेसारखीच दिसते. पण पहिल्या पावसांत तिचा चिखल होतो. भट्टींत पक्की झालेली वीट निराळी. आमचे बारा जिग म्हणजे बारा कच्च्या विटा होत्या, आणि कच्च्या रंगाची चकाकी पक्क्या रंगाहून मुळींच कमी नसते, हीच यांतील फसगत आहे.

आमच्याकडून दोन चुका झाल्या होत्या. एक, पुतण्याच्या डबीवरील आंकडा आम्हीं दुसऱ्याच भुकटीस लाविला. कारखान्याच्या भुकटीच्या कागदावर २०० अंश व १० मिनिटें असें होतें. भुकटीभुकटींत हा फरक असतो. कोणी १७७ ला होते, कोणी १८० ला, कोणी २०० ला. म्हणून भुकटी सुटी घेतली तरी तिच्या मूळ खोक्यावरील आंकडा उतरून आणिल्याशिवाय दुकानाबाहेर पडूं नये. दुसरी चूक अशी कीं ओव्हनच्या कांट्यावर आम्हीं सातबाराच्या उताऱ्याइतका विश्वास ठेविला. पुढें भट्टींत ठेवावयाचें उष्णतामापक आणून जिग टांगतों त्याच उंचीवर लाविलें, तेव्हां कांटा १८० दाखवीत असतां आंत १५५ निघाले. दार उघडून जिग आंत टांगले कीं तें आणखी उतरतें व पुनः चढावयास कांहीं मिनिटें जातात. शिवाय कागदावरील १० मिनिटें हीं माल त्या उष्णमानास पोंचल्यानंतरचीं असतात, दार लाविल्यापासूनचीं नव्हत. पाव तोळ्याचा जिग लवकर तापतो. शंभर ग्रॅमच्या खाडीच्या जिगास बराच अधिक वेळ लागतो. आम्ही आतां कारखान्याच्या भुकटीस आंतील मापक २०० दाखवूं लागल्यावर लहान जिगांस १५ व मोठ्यांस २५ मिनिटें देतों. थोडें अधिक झालें तर पांढरा रंग किंचित् पिंवळा पडतो, एवढेंच. कमी झालें तर सारेंच फुकट. विजेच्या तारांच्या अगदीं जवळ मात्र टांगूं नये, तेथें रंग करपतो.

हें सर्व ज्या नोंदवहीच्या आधारें लिहीत आहों ती आम्हीं त्याच दिवशीं सुरू केली. तारीख, भुकटी, मापकाचा आंकडा, मिनिटें, जिगांची संख्या व शेवटीं परीक्षेचा निकाल असे सहा रकाने आहेत. घरचीं माणसें हंसतात. परंतु एकतीस वर्षें ज्यानें रकाने भरले त्याचा हात रकान्याशिवाय चालत नाहीं.

आतां भुकटी चढविण्याची रीत. ज्यानें कल्हईवाल्याचें काम लक्षपूर्वक पाहिलें आहे त्यास ही समजावून सांगावी लागणार नाहीं. कल्हईवाला कथील वितळवून भांड्यावर ओतीत नाहीं. आधीं भांडें तापवितो, आणि तापलेल्या भांड्यास कथील लावतांच तें आपण होऊन वितळतें. येथेंही तसेंच. आधीं जिग तापवावयाचा व मग भुकटींत बुडवावयाचा. पुतण्या गरम हवेच्या यंत्रानें एकेक जिग तापवितो. कोणी स्पिरिटच्या दिव्यावर धरितात, पण त्यांत गळाचें टोंक ज्वाळेंत जाऊन तांबडें झालें तर पोलादाचें पाणी उतरतें व तो गळ मोठ्या माशाखालीं सरळ होतो. आम्हांस सोपी वाट सांपडली ती अशी कीं सर्व जिग भट्टींतच तापवावे व चिमट्यानें एकेक काढून बुडवावे. असें केल्यानें सर्वांचें उष्णमान सारखें राहतें. मात्र भट्टीपासून भुकटीच्या भांड्यापर्यंत हात चपळ पाहिजे, कारण लहान गोळी लवकर निवते.

भांड्यांतील भुकटी दाबून बसलेली असूं नये. काडीनें हलवून मोकळी करावी. कारखान्यांत भांड्याच्या सच्छिद्र तळांतून हवा सोडितात, म्हणजे भुकटी उकळत्या पाण्यासारखी हलूं लागते. ही युक्ति एर्विन गेमर या जर्मन गृहस्थानें १९५० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत काढिली. पुतण्यानें माशांच्या कांचपेटीस हवा देणारा लहान पंप लावून तसेंच एक भांडें केलें आहे व तें उत्तम चालतें. बुडविण्याचा वेळ एक ते दोन सेकंद. बाहेर काढल्यावर भुकटी आपोआप वितळून ओली दिसूं लागली तर उष्णमान बरोबर. ती पिठासारखीच राहिली तर जिग निवलेला होता. धूर निघाला किंवा थेंब ओघळूं लागला तर फार तापलेला होता. जाड थर चांगला असा समज करून घेऊं नये. जाड थर खालच्या बाजूस जमून भाजतांना त्याचा लोंबता थेंब होतो व जिग पाण्यांत तिरपा चालतो. थर मऊ आहे तोंच सुईनें गळाचें नेढें मोकळें करावें. हें एक काम विसरलें तर भाजल्यावर नेढ्यांतील रंग काढतांना डोक्यावरील रंगासही तडा जातो, आणि मग ज्यानें विसरलें त्यास पुढील घाण्यांत बसवूं नये. जिग भट्टींत टांगतांना गळाच्या वांकास तारेंत अडकवावा, नेढ्यास नव्हे; आणि एक दुसऱ्यास लागतां कामा नये.

भुकटी चढण्यापूर्वीं शिसें स्वच्छ व तेलविरहित असावें. साबणानें धुवून पूर्ण वाळवावें. कोणी शिर्क्यांत किंवा लिंबाच्या रसांत भिजवून उजळितात. तसें करूं नये. शिर्क्यानें शिशाचें एक गोड लागणारें विषारी क्षार बनतें व तें पाण्यांत विरघळतें. ज्या घरांत मुलें आहेत तेथें तें पाणी वाटींत ठेवणें म्हणजे काय, हें सांगण्याची गरज नाहीं.

धातु कोणता हेंही पाहिलें पाहिजे. निव्वळ शिसें ३२७ अंशांवर वितळतें, म्हणून २०० अंशांच्या भट्टींत त्यास कांहीं होत नाहीं. कथील २३२ वर वितळतें. परंतु या दोहोंचें मिश्रण दोहोंपेक्षां आधीं वितळतें: ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें असलेली झाळकामाची सोल्डर १८३ अंशांवरच पाणी होते. आमच्या एका घाण्यांत जुन्या जाळ्याचीं शिशाचीं वजनें कमी पडलीं म्हणून पुतण्यानें रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडील सोल्डरच्या तारेचीं भेंडोळीं त्यांत टाकिलीं. ओततांना धातु फार सुरेख वाहिला, सांचा काठोकांठ भरला, आणि आम्हीं त्यास शाबासकी दिली. भट्टींतून मात्र नुसते गळ टांगलेले निघाले. कांहीं डोकीं खालच्या पत्र्यावर पिंवळ्या चकत्या होऊन पडलीं होतीं व कांहीं अर्धीं लोंबत होतीं. म्हणून भंगारांतील अनोळखी धातूचा एक तुकडा प्रथम एकटाच भट्टींत घालून पाहावा. शिशाऐवजीं बिस्मथ व कथील यांच्या मिश्रणाचे जे बिनविषारी जिग मिळतात ते तर सुमारें १३८ अंशांवरच वितळतात; त्यांस भट्टीचा रंग मुळींच चालत नाहीं, हवेंत वाळणाराच द्यावा लागतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः लेखणी हातीं घेतली तिकडे वळतों. भट्टी कोणती वापरावी? पहिल्या घाण्याच्या वेळीं आम्हीं स्वयंपाकघरांतील ओव्हन मागितला तेव्हां सूनबाईंनीं तो दिला, पण आंत काय जावयाचें आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. दुसऱ्या वेळीं त्यांनीं दारांतच अडविलें. त्या म्हणाल्या, "मामंजी, ज्यांत मी मुलाचा केक भाजतें त्यांत हें शिसें पुनः जाणार नाहीं." आम्हीं त्यांस समजाविलें कीं शिसें ३२७ अंशांवर वितळतें, २०० वर त्याची वाफ होत नाहीं, सबब भीति निराधार आहे. हें म्हणणें पुस्तकाप्रमाणें खरेंच होतें. सूनबाईंनीं उत्तर दिलें नाहीं. ओव्हनची वायर काढून कपाटांत ठेविली व किल्ली कमरेस लाविली. आम्ही रुसून गोठ्यामागील पडवींत एक जुना लहान ओव्हन आणून बसविला, व शिसें वितळविण्याची चूलही तेथेंच मांडिली.

वितळलेल्या शिशावर राखेसारखी मळी येते. ती पळीनें काढून टाकावी लागते. ती मळी, सांच्यांतून सांडलेले थेंब, कानशीची भुकटी हें सर्व आम्ही झाडून गोठ्याच्या कडेस टाकीत असूं. त्यांत काय विशेष आहे असें वाटलेंच नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमच्या गाईची पांच महिन्यांची कालवड चारा टाकून दांत खाऊं लागली. दुसरे दिवशीं ती भिंतीस डोकें लावून उभी राहिली. डोळ्यांपुढें हात नेला तरी पापणी हलेना. पशुवैद्यांनीं शिरेंतून औषध दिलें, परंतु तिसऱ्या रात्रीं झटके येऊन ती गेली. त्यांनीं आम्हांस जवळपास जुनी बॅटरी पडली आहे काय असें विचारिलें. आम्हीं नाहीं म्हटलें. मग त्यांनीं आपण होऊन पडवींत फेरी मारिली व त्या मळीच्या ढिगापाशीं थांबले. कालवडीच्या यकृताचा तुकडा प्रयोगशाळेंत गेला व त्यांत शिसें निघालें.

गुरांस चाटण्याची खोड असते, वासरांस अधिक. ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी, जुन्या रंगाचे पोपडे, शिशाची राख हें तीं आवडीनें चाटतात, व शिशानें गुरें मरण्याचें कारण बहुधा हेंच असतें, असें पशुवैद्यांनीं सांगितलें. कोंबड्या खडे समजून शिशाचे कण वेंचतात व तें शिसें अंड्यांतही उतरतें. भट्टीच्या उष्णमानाविषयींचें आमचें म्हणणें खरें होतें. पण शिसें वाफेनें घरांत येत नाहीं, तें धुळीनें येतें, बोटांनीं येतें, सदऱ्याच्या बाहीनें येतें. ओव्हनच्या पत्र्यावर पडलेला एक रंगाचा पोपडा, त्याच्या पाठीस लागलेला शिशाचा करडा थर, आणि दुसरे दिवशीं त्याच पत्र्यावर नानकटाई. सूनबाईंस हें वितळण्याच्या अंशांशिवाय कळलें होतें. आम्हीं त्यांच्यापाशीं तसें बोलूनही दाखविलें.

मुलांविषयीं दोन आंकडे देतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें शिशाचें निर्धोक असें प्रमाण कोणतेंच ठाऊक नाहीं, आणि पोटांत गेलेल्या शिशापैकीं मुलांचें शरीर मोठ्या माणसाच्या चार ते पांचपट शोषून घेतें. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जगांतील दर तीन मुलांपैकीं सुमारें एकाच्या रक्तांत दर डेसिलिटरमागें ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें असल्याचें म्हटलें आहे. कालवडीनंतर आम्हीं नातवाचें रक्त तपासून घेतलें. चिंता करण्याजोगें कांहीं नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलें, परंतु तो कागद येईपर्यंतचे आठ दिवस आम्हांस अजून आठवतात.

तेव्हांपासूनची आमची व्यवस्था अशी. ओव्हन व चूल घरापासून व गोठ्यापासून दूर, कुंपणाबाहेरील छपरांत हलविलीं. ओव्हनवर तांबड्या अक्षरांत 'शिसें' असें लिहिलें आहे, म्हणजे आमच्या मागें कोणी तो भंगारांत न विकतां घरांत आणूं नये. एकदां शिशास वापरलेली भट्टी, पळी, चिमटा, पत्रा हीं पुनः अन्नाकडे येत नाहींत. मळी झांकणाच्या डब्यांत भरून शिसें विकत घेणाऱ्याकडे जाते. उकिरड्यावर नाहीं, कारण उकिरडा शेवटीं शेतांतच जातो. जमीन झाडीत नाहीं, ओल्या फडक्यानें पुसतों. कामाचा सदरा तेथेंच खुंटीस राहतो, हात व तोंड साबणानें धुतल्याखेरीज पाणीही पीत नाहीं, आणि मुलांस तेथें मज्जाव आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसें काढण्याचा मोह कोणीं धरूं नये. त्यांत तेजाब असतो व इतर विषारी द्रव्येंही असतात. ओल्या सांच्यांत किंवा ओलें भंगार टाकून शिसें ओतलें तर पाण्याची एकदम वाफ होऊन वितळलेला धातु तोंडावर उडतो. पावसाळ्यांत आम्ही ओतकाम बंदच ठेवितों.

भुकटीही अगदीं निरुपद्रवी नव्हे. कांहीं जातींत घट्ट करणारें जें द्रव्य असतें तें कातडीस व फुफ्फुसांस बाधक आहे, म्हणून नाकातोंडावर चांगली पट्टी बांधावी. भाजतांना निघणाऱ्या वासांतही तोंड खुपसूं नये. छपराच्या दोन बाजू उघड्या असाव्या. आणि हवेंत उडालेली बारीक भुकटी ज्वाळेजवळ पेट घेते. पिठाच्या गिरणींत दिवा नेण्यास मनाई कां असते हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांतील धोका कळेल. आम्हीं स्पिरिटचा दिवा सोडला त्याचें हेंही एक कारण आहे.

भाजलेला जिग पक्का झाला कीं नाहीं हें डोळ्यानें ठरवूं नये. तो पूर्ण निवल्यावर घाण्यांतील एक जिग परीक्षेसाठीं बाजूस काढावा. नखें रंगविणाऱ्या बायकांकडे जें अॅसिटोन असतें त्यांत कापूस भिजवून रंगावर वीसपंचवीस वेळां दाबून घासावा. कापसास किंचित् रंग लागला तर हरकत नाहीं. परंतु रंग भरपूर सुटला व पृष्ठभाग चिकट झाला तर तो कच्चा आहे. मग तोच जिग दगडावर ठेवून लहान हातोडीचा एक ठोका द्यावा. पक्का रंग शिशाबरोबर दबतो, कच्चा टवके सोडतो. कच्चा घाणा फेंकून देण्याचें कारण नाहीं. तो पुनः भट्टींत घालून योग्य उष्णमानावर पुरा वेळ भाजला तर बहुधा सुधारतो. आमच्या वहींत असे चार घाणे सुधारलेले आहेत. रबरी शेपटी मात्र कच्च्या रंगास टेकवून ठेवूं नये. तिच्यांतील तेलकट द्रव्यानें रंग विरघळून दोन्ही एकमेकांस चिकटतात व डबी उघडतांच गिचका हातास लागतो.

पक्का रंग बसला म्हणजे शिसें झांकलें जातें व हातास लागत नाहीं, हा भाजणीचा दुसरा लाभ. तरी तुटलेला जिग पाण्यांत राहतोच. इंग्लंडांत तळ्यांतील हंस शिशाचीं लहान वजनें खड्यांबरोबर गिळून मरूं लागले, म्हणून तेथें १९८७ सालीं २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांस बंदी झाली. कानडांतील राष्ट्रीय उद्यानांत १९९७ पासून ५० ग्रॅमखालील शिशाचे जिग चालत नाहींत. आपल्याकडे बदकें पाळणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. आम्हीं आपल्या तळ्यापुरता असा नियम केला आहे कीं तळ्यांत तुटलेल्या प्रत्येक जिगाची वहींत नोंद करावयाची, व वैशाखांत पाणी उतरलें म्हणजे गाळ चांचपून ते वर काढावयाचे. गेल्या वर्षीं एकोणीस तुटले, त्यांपैकीं चौदा मिळाले व त्यांतील अकरांचा रंग शाबूत होता. उरलेल्या पांचांची नोंद अद्याप उघडी ठेविली आहे.